बेन्थामियानाच्या पानांतून मानवी ट्रान्सफेरिन : प्रकल्प नोंदी, जळगाव

१० नोव्हेंबर

बेन्थामियाना या तंबाखूच्या कुळातल्या झाडाच्या पानांत मानवी ट्रान्सफेरिन बनवायचे, त्यासाठीच्या जनुकाची रचना नक्की झाली. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन. पक्क्या रूपात ६७९ अमिनो आम्ले, साखरेसकट वजन ८० किलोडाल्टनच्या आसपास. त्याचे दोन खंड असतात, एन आणि सी. प्रत्येक खंड एक फेरिक लोह धरतो आणि ते धरायला सोबत कार्बोनेटचा एक आयन लागतो. ३८ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्ले) म्हणजे १९ डायसल्फाइड जोड, प्रथिनाची घडी बांधून ठेवणारे. या १९ जोडांमुळेच मार्ग ठरतो. जिवाणूत बनवले तर प्रथिनाचे गोळे बसतात आणि ते उलगडून पुन्हा नीट घडवण्यात बहुतेक माल वाया जातो. वनस्पतीच्या पेशीत अंतर्द्रव्य जालिकेत हे जोड जुळवणारी यंत्रणा तयारच असते. म्हणून प्रथिन तिथे पोहोचवायचे.

प्रथिन कुठे पाठवायचे ते सांगणारा मानवी १९ अमिनो आम्लांचा संकेतखंड काढून त्या जागी बार्लीच्या अल्फा अमायलेजचा २४चा संकेतखंड घेतला. तीन रचना मागवल्या आहेत. ‘अ’ पेशीबाहेर स्रवणारी. ‘ब’च्या शेपटीला केडीईएल हे चार अमिनो आम्लांचे टोक, म्हणजे प्रथिन जालिकेतच राहील. ‘क’ ही ‘ब’सारखीच, पण ४१३ आणि ६११ क्रमांकाच्या ॲस्परॅजिनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल. साखर चिकटण्याच्या जागा या दोनच, त्यामुळे ‘क’वर साखर बसणारच नाही. ‘ब’ची लांबी शेवटच्या थांब्यासह २१२४ बेस. पीईएक्यू-एचटी वाहकात (जनुक झाडात नेणाऱ्या डीएनएत) एज-१ आणि एक्सहो-१ या विकरांच्या कापण्याच्या जागांमध्ये बसवायचे, म्हणून जनुक लिहून घेताना आतल्या या दोन्ही जागा काढून टाकल्या.

प्रथिन निकेलच्या स्तंभाला चिकटवून वेगळे करण्यासाठी लावतात ती हिस्टिडिनची शेपटी मुद्दाम लावलेली नाही. ट्रान्सफेरिन मुळातच धातू धरणारे. निकेलच्या स्तंभावर ते शेपटीशिवायही अडकते, आणि स्तंभातून सुटलेले निकेल लोहाच्या जागेत शिरू शकते. शुद्धीकरण सोपे करायच्या नादात मोजमापच बिघडेल.

१८ नोव्हेंबर

निकोटियाना बेन्थामियानाची पेरणी. बी मोहरीपेक्षाही खूप बारीक, म्हणून झाकायचे नाही, ओल्या माध्यमावर फक्त टाकायचे. कोकोपीट तीन भाग, व्हर्मिक्युलाइट एक भाग. ट्रे आणि कोकोपीट केळीची ऊतिसंवर्धित रोपे वाढवणाऱ्यांकडून मिळतात, बाहेरून मागवायची गरज नाही. तापमान २५ अंश, उजेड १६ तास.

बोअरचे पाणी वापरायचे नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून भिंतीला लावले. इथल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आणि पीएच ८च्या वर. दोन आठवड्यांत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो लोहाचा अभाव असतो. लोह कुंडीत असते, पण मुळांना घेता येत नाही. आरओचे पाणी, त्यात १९:१९:१९ खत लिटरला १ ग्रॅम, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि ईडीडीएचएच्या रूपातले लोह.

संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी फाइलला लावली. सगळे काम बंदिस्त कक्षातच.

५ डिसेंबर

ॲग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत डीएनए सोडणाऱ्या जिवाणूच्या जीव्ही३१०१ वाणात तिन्ही रचना विजेच्या धक्क्याने घातल्या. निवडीसाठी प्रतिजैविके : रिफॅम्पिसिन ५०, जेंटामायसिन २५, कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. २८ अंशांवर दोन-तीन दिवसांत वसाहती येतात. प्रत्येकी सहा वसाहतींचा पीसीआर केला, ग्लिसरॉलमधले साठे उणे ८०ला ठेवले. पी१९ हा जीनमूकता (झाडाने बाहेरचे जनुक बंद पाडणे) रोखणारा घटक याच वाहकात असल्यामुळे दुसरा जिवाणू मिसळावा लागत नाही.

२६ डिसेंबर

पहिले इन्फिल्ट्रेशन, म्हणजे जिवाणूचे द्रावण पानांत शिरवणे, ७२ झाडे, वय साडेपाच आठवडे. कळी दिसू लागली की झाड उशीर झालेले समजावे.

द्रावण : एमईएस १० मिलिमोलर (पीएच ५.६), मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, ॲसिटोसिरिंगोन १०० मायक्रोमोलर. रात्रभर वाढवलेला जिवाणू फिरवून खाली बसवला आणि या द्रावणात ओडी (जिवाणूंची दाटी) ०.४ला आणला. एक रचना, तीन लिटर. खोलीच्या तापमानाला दीड तास ठेवला. मग झाड उलटे बुडवून निर्वात पात्रात १०० मिलिबारला एक मिनिट, आणि हवा हळूहळू आत सोडायची. द्रावण पानात शिरते ते हवा परत येताना. त्या वेळी घाई केली तर पान फाटते.

सकाळी सातला सुरुवात केली तेव्हा अर्ध्याअधिक पानांत द्रावण शिरलेच नाही, पानावर फक्त ओले ठिपके दिसले. रात्री बाहेर दहा-अकरा अंशांपर्यंत थंडी होती, कक्षही गार पडला होता आणि दिवे नुकतेच लागले होते, त्यामुळे रंध्रे मिटलेली होती. झाडांना पाणी देऊन, दीड तास उजेडात ठेवून तेच काम पुन्हा केले तेव्हा पान काचेसारखे गडद, ओले दिसू लागले. हीच खूण. यापुढे साडेनऊच्या आत पंप चालू करायचा नाही.

पंपाचे तेल दुधासारखे पांढरे झाले. ओल्या पात्रातली वाफ थेट पंपात गेली होती. मध्ये सिलिका जेलची बाटली जोडली.

२ जानेवारी

सातव्या दिवशी तोडणी. ‘ब’च्या झाडांवर हलका पिवळेपणा, ‘अ’वर काही ठिकाणी करपलेले डाग.

पानांच्या वजनाच्या दुप्पट द्रावण : ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ८, मीठ १५० मिलिमोलर, मेटाबायसल्फाइट १० मिलिमोलर, पीव्हीपीपी २ टक्के, प्रोटिएज (प्रथिने कापणारी विकरे) रोधकाची गोळी. सगळे बर्फात. डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल अजिबात नाही, १९ जोड तुटले की हाती उरते ती नुसती साखळी.

वेस्टर्नमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने ओळखायची चाचणी) ‘ब’चा पट्टा ठळक, ‘क’ त्याहून फिका, ‘अ’ अगदी अंधुक. ‘अ’च्या ओळीत ४० किलोडाल्टनच्या खाली दोन तुकडे दिसतात. दोन खंडांना जोडणारा छोटा दुवा पेशीबाहेरची प्रोटिएज कापते, आणि मागे अर्धे-अर्धे ट्रान्सफेरिन उरते. ‘अ’ इथेच थांबवले. एलायझात (प्रतिपिंडानेच प्रमाण मोजायची चाचणी) ‘ब’ किलोभर ताज्या पानांत ५५ मिलिग्रॅमच्या जवळ.

एक गोष्ट नव्या सहकाऱ्यांसाठी : डायसल्फाइड न तोडता जेल चालवली तर ट्रान्सफेरिन ८०च्या बरेच खाली धावते, कारण ते आवळलेले असते. तो तुकडा नव्हे. तोडलेला आणि न तोडलेला नमुना शेजारीशेजारी चालवून पट्टा सरकतो का ते पाहावे. सरकला तर निदान काही जोड जुळले आहेत असे म्हणता येते.

१७ जानेवारी

शुद्ध केलेले पहिले ‘ब’ रंगहीन निघाले. जेलवर एकच पट्टा, स्वच्छ, पण लोह दिल्यावरही ४६५ नॅनोमीटरला शोषण जवळजवळ शून्य. लोह भरलेले ट्रान्सफेरिन सामन माशाच्या मांसासारखे गुलाबी-केशरी दिसते, हे मात्र पाण्यासारखे.

कारण सापडायला तीन दिवस गेले. प्रोटिएज रोधकाच्या गोळीत ईडीटीए होते. त्यातले काही प्रथिनाला चिकटून राहते आणि साध्या डायलिसिसने पुरते निघत नाही, मग दिलेले लोह आधी तेच पकडते. उरलेल्या नमुन्याचे ०.१ मोलर सोडियम परक्लोरेटमध्ये दोन वेळा आणि नंतर बायकार्बोनेट घातलेल्या ट्रिसमध्ये डायलिसिस केले, तेव्हा फिका गुलाबी रंग दिसू लागला. यापुढे ईडीटीएविरहित गोळी किंवा नुसते पीएमएसएफ १ मिलिमोलर. सिट्रेटचे बफर या प्रकल्पात कुठेच नको, अपवाद फक्त लोह मुद्दाम काढून घेण्याच्या चाचणीचा. फॉस्फेटही लोह भरण्याच्या पायरीजवळ आणायचे नाही.

वेस्टर्न आणि एलायझा दोन्ही या नमुन्याला उत्तम म्हणत होते. प्रतिपिंडाला आकार ओळखता येतो, पण हे प्रथिन लोह धरते की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून आजपासून वहीत उत्पादनाचे दोन आकडे लिहायचे : किती प्रथिन, आणि त्यातले किती लोह धरणारे. दुसरा आकडा नसेल तर पहिला अहवालात जाणार नाही.

३० जानेवारी

रुबिस्को, प्रकाशसंश्लेषणातले विकर. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा निम्म्यापर्यंतचा भाग हाच. अर्क पीएच ५पर्यंत आम्ल केला की रुबिस्को आणि हिरवा गाळ एकत्र बसतो, ही पानांतून प्रथिन काढणाऱ्यांची जुनी रीत. पण ट्रान्सफेरिन लोह सोडते तेही आम्लातच. एन-खंडाची पकड पीएच ६च्या खाली सैल होऊ लागते, सी-खंड त्याहून आम्ल अवस्थेपर्यंत टिकतो. शरीरात पेशीच्या आतल्या पिशवीत पीएच साडेपाचच्या आसपास येतो तेव्हा लोह सुटते, ते याच गुणामुळे.

सुटलेले लोह पानातल्या फिनॉलना भेटते आणि अर्क शाईसारखा काळपट होतो. शिवाय लोह गेलेल्या प्रथिनाचे खंड उघडे राहतात आणि प्रोटिएज त्यांना लवकर कापते. म्हणजे आम्ल केले तर प्रथिन उघडे पडते, नाही केले तर रुबिस्को स्तंभ भरून टाकतो.

तीन प्रकारे करून पाहिले. शेवटी ठरले ते असे : अर्क बर्फात ठेवून, सतत ढवळत, पातळ ॲसिटिक आम्ल थेंबाथेंबाने, पीएच ५.०. वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. ४ अंशांवर १२,००० जी, २० मिनिटे. वरचे द्रावण लगेच १ मोलर ट्रिसने पीएच ८ला परत. तासभर तसेच ठेवले तर ४० किलोडाल्टनचे तुकडे वाढतात, हे दोनदा पाहिले. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर पीएच खूप खाली जातो आणि ट्रान्सफेरिनही साकळते, म्हणून ते नको.

१२ फेब्रुवारी

डीईएई स्तंभ, विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करणारा. ट्रिस २० मिलिमोलर पीएच ८, नमुना विरळ करून वाहकता ४ मिलिसीमेन्सच्या खाली, मिठाची चढण ० ते ३०० मिलिमोलर. ट्रान्सफेरिन सुरुवातीच्या भागातच सुटते. फिनॉलचा तपकिरी थर स्तंभाच्या माथ्यावर बसतो. प्रत्येक फेरीनंतर १ मोलर मीठ, मग अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. हे टाळले तर तिसऱ्या फेरीला स्तंभ निम्माच धरतो. त्यानंतर फिनाइल स्तंभ, १ मोलर अमोनियम सल्फेटपासून उतरत. ७२ झाडांच्या १.४ किलो पानांतून हाती ४२ मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ३०.

२१ फेब्रुवारी

लोह भरणे. पायऱ्या सविस्तर, कारण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात.

फेरिक क्लोराइड सरळ ओतायचे नाही. पीएच ७च्या वर ते क्षणात गंजाच्या रंगाचा गाळ होते, आणि तो गाळ प्रथिनाला चिकटून खोटा रंग देतो. नायट्रिलोट्रायॲसिटिक आम्लाशी जोडून द्यायचे : लोह १०, एनटीए २० मिलिमोलर. एनटीए आधी थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचे, त्यात आम्लयुक्त फेरिक क्लोराइड, मग चिमटीचिमटीने सोडियम बायकार्बोनेट घालत पीएच ७. द्रावण पिवळसर-हिरवट आणि पारदर्शक हवे. गढूळ झाले तर फेकून द्यावे, गाळून वापरू नये.

४० मिलिग्रॅम प्रथिन ४ मिलीत, म्हणजे १० मिग्रॅ/मिली. ४० मिलिग्रॅम भागिले ७९,६०० म्हणजे ०.५० मायक्रोमोल, जागा दोन, लोह लागणार १.० मायक्रोमोल, म्हणजे वरच्या द्रावणाचे १०० मायक्रोलिटर. पाच टक्के जास्त धरून १०५. २० मायक्रोलिटरच्या हप्त्यांनी, शेवटचा हप्ता ५चा. दोन तासांनी लहान डिसॉल्टिंग स्तंभातून एनटीए वेगळे.

पूर्ण भरलेले ट्रान्सफेरिन १० मिग्रॅ/मिलीला ४६५ नॅनोमीटरवर ०.५७ दाखवते. आले ०.३१. म्हणजे ५४ टक्के.

दोष पाण्याचा निघाला, बोअरच्या पाण्याच्या अगदी उलट कारणाने. बफर नुकत्याच उकळून गार केलेल्या शुद्ध पाण्यात बनवले होते. त्यात कार्बोनेट जवळपास नाही, आणि कार्बोनेटशिवाय लोहाची पकड लागत नाही. ताजे सोडियम बायकार्बोनेट २० मिलिमोलर घालून तोच नमुना पुन्हा भरला : ०.५०, म्हणजे ८८ टक्के. उरलेले बारा टक्के चुकीचे घडलेले किंवा कापलेले प्रथिन असावे.

घेतलेले लोह सोडतेही का, हे पाहणे तितकेच गरजेचे. ०.१ मोलर सिट्रेट, पीएच ५, रात्रभर. सकाळी रंग गेलेला. परत बायकार्बोनेट आणि लोह : ०.४८. सहा मोलर युरियाच्या ६ टक्के जेलवर भरलेले सर्वांत पुढे धावते, रिकामे सर्वांत मागे, आणि एकाच खंडात लोह असलेले दोन प्रकार मधे. मधले पट्टे फार थोडे उरले आहेत.

२४ मार्च

उन्हाळा लागला. तेच बी, तोच जिवाणू, तीच ओडी, पण ‘ब’चे उत्पादन निम्म्यावर. झाडे दिसायला ठणठणीत.

ॲग्रोबॅक्टेरियम आपला डीएनए पाठवतो तो एका केसासारख्या नळीच्या यंत्रणेतून. ही यंत्रणा २० अंशांच्या आसपास नीट बनते, २८ला जवळजवळ बनतच नाही. म्हणजे जिवाणू वाढवायचा २८ला आणि झाडात सोडल्यावर ठेवायचा गारव्यात. दुपारी वीज गेल्यावर कक्ष दोन तासांत ३३वर जात होता, आणि नेमक्या पहिल्या दोन दिवसांत.

कूलरचा विचार सोडून दिला. बाहेरची हवा कोरडी असल्याने इथे कूलर थंडावा चांगला देतो, पण आर्द्रता चढते, पान कुजते, शिवाय जैवबंदिस्त कक्षात बाहेरची हवा ओढणे परवानगीत बसत नाही. गच्चीला चुन्याचे दोन हात, छताखाली ५० मिलिमीटर थर्मोकोल, इन्व्हर्टरवर दिव्यांऐवजी एसी. पहिले ४८ तास २१ अंश, पुढे २५. नंतरची भर : एप्रिलच्या पहिल्या फेरीत किलोला ५१ मिलिग्रॅम परत मिळाले, बाहेर पारा ४३ असताना.

२० एप्रिल

एंडोटॉक्सिन. ॲग्रोबॅक्टेरियमच्या भिंतीतले हे विषारी लायपोपॉलिसॅकराइड अर्कात उतरते. औषधी वापर दूरचा असला तरी पेशींच्या चाचणीतही ते निकाल बिघडवते. ते डीईएईला ट्रान्सफेरिनपेक्षा घट्ट धरते, म्हणून १५० मिलिमोलर मिठाच्या पुढचा भाग गोळा करायचाच नाही. थोडे प्रथिन जाते, जाऊ द्यावे. काचसामान २५० अंशांना ३० मिनिटे. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन तसेच राहते.

१४ मे

पेशींची चाचणी, के५६२ पेशी (माणसाच्या रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या), सीरमविरहित माध्यम, ट्रान्सफेरिन लिटरला ५.५ मिलिग्रॅम, म्हणजे इन्शुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमच्या नेहमीच्या मिश्रणात असते तेवढे. चार गट : ट्रान्सफेरिन नाही, प्लाझ्मातले, ‘ब’, ‘क’. पाचवा गट आग्रहाने घातला, ‘ब’मध्ये जितके लोह तितके नुसते लोह-एनटीए. काही पेशी मोकळ्या लोहावरही तगतात, आणि तो गट नसेल तर वाढीचे श्रेय चुकून प्रथिनाला जाते.

७२ तासांनी ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही प्लाझ्मातल्याच्या जवळपास सारखे, नुसते लोह बरेच मागे. ‘क’चा निकाल महत्त्वाचा. साखर नसली तरी पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटण्यात अडत नाही. वनस्पतीची पक्की साखर माणसाच्या साखरेपेक्षा वेगळी, तिच्यात झायलोज आणि वेगळ्या जोडाचे फ्युकोज असते, आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. केडीईएलमुळे ‘ब’वर मुख्यतः मॅनोजवाली साखर असते, पण सगळीच तशी असेल याची खात्री देता येत नाही. उत्पादन कमी असूनही पुढे ‘क’च न्यायचे.

२ जून

हिशेब मांडला. रक्तात लिटरला सुमारे २ ते ३.६ ग्रॅम ट्रान्सफेरिन असते. जन्मतः ते नसलेल्या रुग्णाच्या तीन लिटर प्लाझ्मात २.५ ग्रॅमची पातळी आणायची तर साडेसात ग्रॅम. किलोला ३० मिलिग्रॅमने २५० किलो पाने, एका माणसाच्या एका खेपेला. ‘क’ला याहून जास्त. पानांचा मार्ग रचना पटकन तपासायला उत्तम, औषध बनवायला नाही. भाताच्या दाण्यात मानवी ट्रान्सफेरिन किलोला १० ग्रॅमपर्यंत मिळाल्याचे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेले आहे, आणि कोरडा दाणा साठवून ठेवता येतो. मोठे काम तिकडेच न्यावे लागेल, तेही बंद काचगृहात. नवापूरकडच्या भातशेतीच्या जवळपाससुद्धा नाही.

नंदुरबार-धुळ्याकडून सिकलसेल आणि ॲनिमियाबद्दल विचारणा येतात, म्हणून उत्तर इथेच स्पष्ट लिहून ठेवतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात शरीर ट्रान्सफेरिन आधीच वाढवते, गाड्या भरपूर असतात, माल नसतो. तिथे लोहाच्या गोळ्याच हव्यात. सिकलसेलवरही हे औषध नव्हे. बीटा थॅलेसेमियाच्या उंदरांत ट्रान्सफेरिन देऊन सुधारणा दिसली आहे, पण त्यावरून इथल्या कुणालाही आशा दाखवणे योग्य नाही.

१९ जुलै

कक्षातल्या ४० झाडांची पाने आकसली, हिरवे-पिवळे चट्टे. चाचणीत काकडी मोझॅक विषाणू, केळीवर पडतो तोच सीएमव्ही. पावसाळ्यात रावेर-यावलच्या बागांत तो येतो, आणि मावा तो पसरवतो. बेन्थामियानाला विषाणूरोधाचे एक जनुक निकामी आहे. बाहेरची रचना तिच्यात इतकी सहज चालते त्याला हाही दुबळेपणा कारणीभूत आहे, पण रानातला विषाणूही तितक्याच सहज शिरतो.

सगळी झाडे पिशवीत बांधून ऑटोक्लेव्ह, १२१ अंश, ४५ मिनिटे. हवेच्या वाटेवरची ४० मेशची जाळी काढून ५० मेशची लावली, दारात दुहेरी पडदा, पिवळे चिकट सापळे. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाने त्या दिवशी कक्षात यायचे नाही, कपडे बदलले असले तरी. बी जुन्याच साठ्यातले वापरायचे, या झाडांचे नाही.

२८ जुलै

‘क’साठी २४० झाडांची पेरणी. निर्वात पात्र मोठे लागेल, १२० लिटरचे स्टीलचे पाहिले आहे, झाकणाचे रबर बदलावे लागेल. इन्फिल्ट्रेशन ४ सप्टेंबरला, पहिल्या ४८ तासांसाठी डिझेल जनरेटर आधीच भरून ठेवायचा.